हैदराबाद सिटी पोलिस: आपल्या जुन्या राज्याचा फुटबॉल संघ

2024 साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला. अजय देवगणने त्यात सय्यद अब्दुल रहीम या फुटबॉल प्रशिक्षकाची भूमिका केली. मंडळातील अनेक कुटुंबांनी तो पाहिला असेल. चित्रपटाचा भर भारतीय संघावर आणि 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेवर आहे. रहीम घडले ते मात्र हैदराबादेत, आणि त्यांनी घडवलेला मुख्य संघ होता हैदराबाद सिटी पोलिस. 1950 च्या हंगामात या संघाने देशातील दोन मोठे चषक जिंकले. त्या वेळी बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्याच्या राजधानीचा हा संघ. आज तेलंगणात त्याची आठवण काढली जाते. आपल्याकडे त्याचे नावही फारसे कोणी घेत नाही. म्हणून ही माहिती सभासदांसाठी आणि विशेषतः मुलांसाठी.

तेव्हाचे राज्य

1950 साली हैदराबाद राज्यात 16 जिल्हे होते. आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे (औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद) आणि तीन कर्नाटकाचे (बीदर, गुलबर्गा, रायचूर). तेव्हाच्या बीदर जिल्ह्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुकेही होते आणि जहीराबाद, नारायणखेडही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा या एका जिल्ह्यात नांदत होत्या. पुढच्या शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठ, मोठ्या दाव्यासाठी उच्च न्यायालय, नोकरीसाठी सरकारी खाती, सगळ्यांसाठी वाट हैदराबादचीच होती.

हा काळ सोपा नव्हता. सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस कारवाई होऊन निजामाचे राज्य भारतात आले. त्याआधी रझाकारांचे अत्याचार झाले होते, आणि कारवाईच्या वेळी व नंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे घेतली. आपल्या भागातील जुन्या घरांत त्या दिवसांविषयी अजूनही आवाज खाली करून बोलले जाते.

अशा वेळी, कारवाईला जेमतेम दोन वर्षे होत असताना, हैदराबादचा एक संघ मुंबईला आणि दिल्लीला खेळायला गेला. त्याच्या नावात ‘पोलिस’ हा शब्द होता आणि त्यातील बहुतेक प्रमुख खेळाडू मुसलमान होते. त्या हंगामाचे महत्त्व समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

हंगाम म्हणजे काय

आज फुटबॉलची लीग असते, ठरावीक संघ वर्षभर एकमेकांशी खेळतात आणि गुण मोजले जातात. 1950 साली देशपातळीवर अशी लीग नव्हती. राष्ट्रीय लीग सुरू झाली ती 1996 साली. त्या काळी हंगाम म्हणजे चषकांची साखळी. पावसाळ्यात गावोगावच्या स्थानिक लीग, कलकत्त्यात आय.एफ.ए. शील्ड, पाऊस सरला की मुंबईत रोव्हर्स कप, आणि दिल्लीत ड्युरँड कप. या तीन स्पर्धा देशात सर्वांत मानाच्या मानल्या जात.

चषकात हरलेला संघ घरी जातो. एक वाईट दिवस, एक चुकलेली पेनल्टी, गोलरक्षकाच्या हातातून निसटलेला एक चेंडू, की हंगाम आटोपला. लीगमध्ये एखादा पराभव भरून काढता येतो, चषकात येत नाही. म्हणूनच एकच चषक वर्षानुवर्षे जिंकणे फार अवघड.

रोव्हर्स कप 1891 पासून मुंबईत खेळला जात होता. सुरुवातीची कित्येक वर्षे तो गोऱ्या पलटणींकडेच राहिला. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगळूरचा. बंगलोर मुस्लिम्स या संघाने 1937 आणि 1938 अशी दोन वर्षे हा चषक नेला. ड्युरँड स्पर्धा त्याहून जुनी, 1888 साली सिमल्यात सुरू झालेली. महायुद्ध आणि फाळणीमुळे 1940 नंतर ती बंद पडली होती. 1950 साली ती दिल्लीत पुन्हा सुरू झाली.

1950 चा हंगाम

हैदराबादहून मुंबईकडे जाणारा रेल्वेमार्ग वाडी जंक्शनवरून जातो. सिकंदराबाद ते वाडी हा फाटा 1874 साली निजामाच्या रेल्वेने सुरू केला. वाडीहून पुढे गुलबर्गा, सोलापूर, पुणे आणि मुंबई. राजधानीतून मुंबई गाठण्याची ही मोठी वाट आपल्याच जिल्ह्यातून जात होती.

त्या वर्षी कूपरेज मैदानावर रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात हैदराबाद सिटी पोलिसांनी कलकत्त्याच्या आर्यन संघाला हरवले. त्याच हंगामात दिल्लीत, दहा वर्षांच्या खंडानंतर झालेल्या ड्युरँड स्पर्धेत, त्यांनी अंतिम फेरीत मोहन बागानचा 1-0 असा पराभव केला. मोहन बागान म्हणजे 1911 साली अनवाणी खेळून इंग्रज पलटणीला हरवणारा, देशभर पूजला जाणारा क्लब. फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असे समजण्याचा तो काळ होता. त्या समजुतीला दख्खनच्या पोलिसांनी एकाच हंगामात दोनदा धक्का दिला.

आणि हा एका वर्षाचा योगायोग नव्हता. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप हैदराबादला आला. 1952 मध्ये ड्युरँडच्या अंतिम फेरीत ते ईस्ट बंगालकडून हरले. 1954 मध्ये तो चषकही पुन्हा जिंकला. आय.एफ.ए. शील्ड मात्र त्यांच्या हाती कधीच लागली नाही. कलकत्त्याने आपल्या घरचा चषक राखला, एवढे म्हणता येईल.

खेळाडूंना पगार कोण देत होते

मुले हा प्रश्न विचारतात, म्हणून थोडे सविस्तर. आज खेळाडू क्लबशी करार करतो. तेव्हा भारतीय फुटबॉल कागदोपत्री हौशी होता. खेळासाठी उघड पैसे घेतले तर ऑलिंपिकचे दार बंद होई. मग गरीब घरचा मुलगा पोट कसे भरणार? त्यावर उत्तर होते खात्याची नोकरी. चांगला खेळणारा मुलगा पोलिस दलात भरती होई. त्याला पोलिसाचा पगार मिळे आणि सरावाला सवड मिळे. खेळ संपल्यावरही नोकरी राहत असे.

पुढे रेल्वे, लष्कर, बँका, सरकारी कारखाने यांनी हीच पद्धत चालवली. आपल्या भागात खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळालेले लोक आजही आहेत. त्या पद्धतीतून काय घडू शकते याचा मोठा नमुना म्हणजे हा संघ.

या संघातील नूर मोहम्मद, अझिझुद्दीन, मोईनुद्दीन हे 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले. संघात ख्रिस्ती खेळाडूही होते. सिकंदराबादच्या छावणीमुळे त्या शहरात फुटबॉल सर्व समाजांत रुजला होता.

रहीमसाहेब

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म 1909 साली हैदराबादचा. उस्मानियात शिकले, स्वतः फुटबॉल खेळले आणि पेशाने शाळामास्तर झाले. काचीगुडा येथील शाळेत ते शिकवत. 1943 पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. संघटनेचे अध्यक्ष होते एस. एम. हादी. हे हादी टेनिस ऑलिंपिक आणि डेव्हिस कपमध्ये खेळले होते, आणि रणजी स्पर्धेतले पहिले शतकही त्यांच्याच नावावर आहे. 1950 पासून रहीम सिटी पोलिसांचे प्रशिक्षक झाले आणि 1963 साली मृत्यू होईपर्यंत राहिले.

त्यांची पद्धत मास्तरांची होती. त्या काळी आपल्याकडे प्रेक्षकांना ड्रिबलिंग आवडे, म्हणजे एकट्याने चेंडू घोळवत चार जणांना चकवणे. रहीम यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात ड्रिबलिंगला मनाई. चेंडू आला की पास द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच खेळायचे. उजव्या पायाचा खेळाडू असेल तर सगळे डाव्याने. मैदानावर हसू होत असेल, पण काही महिन्यांत दोन्ही पाय सारखे चालू लागत.

याचा हिशेब साधा आहे. चेंडू माणसापेक्षा वेगाने पळतो. एकाने चेंडू घेऊन धावण्यापेक्षा तिघांनी तो फिरवला तर समोरचा संघ दमतो. शिवाय पास देणारा खेळाडू सहकाऱ्याकडे बघायला शिकतो. वर्गातला एकच हुशार मुलगा पुढे बसवण्याऐवजी सगळा वर्ग तयार करायचा, अशी ही रीत.

बुटांची गोष्टही येथे सांगायला हवी. तेव्हा बरेच भारतीय खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्टी बांधून खेळत. सामना 70 मिनिटांचा असे, बाहेरच्या देशांत 90 मिनिटांचा. हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे हरवले, आणि त्यानंतर देशात बूट सक्तीचे झाले. रहीम यांच्या हाताखाली भारताने 1951 मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकले होते. 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला भारत चौथा आला. त्या संघात हैदराबादचे खेळाडू मोठ्या संख्येने होते. नूर मोहम्मद, अझिझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, सिकंदराबादचा तुलसीदास बलराम ही त्यांतली काही नावे. त्याच स्पर्धेत मूळ गोव्याच्या आणि मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. 1962 मध्ये आजारी असतानाही रहीम जकार्ताला गेले आणि भारताने दुसऱ्यांदा आशियाई सुवर्ण मिळवले. पुढच्याच वर्षी, 11 जून 1963 रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

राज्य मोडले, संघ कोणाचा?

मेलबर्नच्या स्पर्धेच्या थोडे आधी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, हैदराबाद राज्य संपले. भाषावार प्रांतरचनेत तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला, मराठवाडा मुंबई राज्यात, आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात. बीदर जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा उस्मानाबादला जोडले गेले, जहीराबाद-नारायणखेड मेदकला, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, बीदर म्हैसूरला. भालकीची सोयरीक उदगीरला होती ती आता परराज्यात झाली.

फुटबॉलमध्ये मात्र हैदराबाद आणखी काही काळ जिवंत राहिले. राज्यांच्या संतोष ट्रॉफीत 1956-57 आणि 1957-58 अशी दोन्ही वर्षे ‘हैदराबाद’ या नावाच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. नकाशावर नसलेले राज्य मैदानावर जिंकत होते. सिटी पोलिसांनी 1957 मध्ये रोव्हर्स आणि ड्युरँड पुन्हा एकाच हंगामात जिंकले. त्यानंतर नाव बदलले. 1961 चा ड्युरँड कप घेणारा संघ ‘आंध्र प्रदेश पोलिस’ होता. पुढे रहीम गेले, चांगले खेळाडू कलकत्त्याच्या क्लबांकडे वळले आणि तो दबदबा हळूहळू ओसरला. रोव्हर्स कप स्पर्धाही आता भरत नाही.

इतिहासाची पुस्तके आता राज्यवार लिहिली जातात. कर्नाटकाच्या पुस्तकात हा संघ येत नाही, कारण तो हैदराबादचा. महाराष्ट्राच्या पुस्तकातही त्याच कारणाने येत नाही. तेलंगणाच्या पुस्तकात तो येतो, पण तेथे बीदर-गुलबर्ग्याचा उल्लेख असण्याचे कारण नसते. सीमाभागातल्या माणसांच्या बाबतीत असे पुष्कळ गोष्टींचे झाले आहे. जमीन एका राज्यात, जुने कागद दुसऱ्या राज्यात, आठवणी तिसऱ्या राज्यात. आपण मराठी बोलतो, कर्नाटकात राहतो आणि आपल्या बोलीत दख्खनीचे शब्द आहेत. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि 1950 चा तो हंगाम या तिन्हींच्या मागच्या सामाईक घराची एक खूण आहे. तीही अशा वर्षांतली, जेव्हा त्या घरात एकमेकांवरचा विश्वास पार उडाला होता.

मंडळातील ज्येष्ठांपैकी ज्यांचे शिक्षण किंवा नोकरी त्या काळात हैदराबादेत झाली, त्यांनी हे सामने पाहिले असतील किंवा त्यांबद्दल ऐकले असेल. सुट्टीत नातवंडांनी त्यांना जरूर विचारावे. कोणाकडे त्या वेळचे छायाचित्र, तिकीट किंवा वर्तमानपत्राचे कात्रण असेल तर ते जपून ठेवावे आणि मंडळाला दाखवावे.