भूकंपाची रेघ काय सांगते?

कपाटातली भांडी खुळखुळली, टांगलेला दिवा हलला, की बे एरियातल्या घराघरांतून फोन सुरू होतात, "तुमच्याकडे जाणवला का?" त्याच क्षणी भूकंपमापक यंत्रानं एक नागमोडी रेघ काढलेली असते. ती कशी वाचायची, ते आज पाहू.

एसटीचा प्रवास आठवतो ना? बस गचकन सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो. बस पुढे जाते, शरीर मात्र जागेवरच राहू पाहतं. हे यंत्र याच तत्त्वावर चालतं. त्याची चौकट जमिनीला घट्ट बसवलेली असते आणि आत स्प्रिंगला जड वजन टांगलेलं असतं. जमीन हादरली की चौकट हलते, वजन जवळजवळ स्थिर राहतं. पूर्वी वजनाला पेन लावलेलं असे आणि ते फिरत्या कागदावर हा फरक उमटवत असे. आता चुंबक आणि तारेचं वेटोळं त्याची वीज बनवतात आणि रेघ संगणकावर दिसते.

भूकंप नसतानाही रेघ अगदी सरळ नसते. रहदारी आणि समुद्राच्या लाटांनीही ती थरथरते. भूकंप झाला की आधी बारीक, झटपट वळणं येतात. ही 'पी' लहर, खडकातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावणारी. मागून 'एस' लहर येते, वेग साधारण 3.5 किलोमीटर. ती सावकाश येते, पण जमीन आडवी घुसळते. इथे रेघ एकदम उंच होते.

वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आपण आकडे मोजतो, तसंच इथेही. दोन्ही लहरींमधले सेकंद गुणिले 8 केले, की अंतर ढोबळमानानं किलोमीटरमध्ये मिळतं. 10 सेकंद म्हणजे सुमारे 80 किलोमीटर. अशा तीन ठिकाणांची अंतरं जुळवली की केंद्र सापडतं. रेघेची उंची आणि अंतर मिळून तीव्रता कळते. हे गणित 1935 साली चार्ल्स रिश्टर यांनी कॅलिफोर्नियातच मांडलं. तीव्रता 1 अंकानं वाढली, तर रेघ दहापट उंच होते.

आपल्या फोनवर येणारी भूकंपाची सूचनाही याच फरकावर चालते. केंद्राजवळच्या यंत्रांना 'पी' लहर कळली, की 'एस' पोहोचण्याआधी संदेश निघतो. हातात मोजकेच सेकंद असतात, आणि केंद्राच्या अगदी जवळ तेवढेही नसतात.

इथेच आपली एक जुनी सवय आड येते. 1967 चा कोयना, 1993 चा किल्लारी. त्या आठवणींतून "आधी बाहेर पळा" हे आपल्या मनात बसलंय. किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनी माणसं गाडली गेली. इथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. इथे पळताना पडून किंवा दाराबाहेर काच, विटा अंगावर येऊन इजा होते. म्हणून खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा.

आज जेवणं झाली की मुलांसोबत एकदा करून बघा. आजी-आजोबा भारतातून आले असतील, तर त्यांनाही सांगा. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीत बसूनच पुढे वाकायचं आणि हातांनी डोकं-मान झाकायची.

काळजी घ्या, पुन्हा भेटूच!