शैवल-सहजैविके
सागरी शैवलांतील, माणसाला न पचणाऱ्या बहुशर्करा (साध्या शर्करांचे अनेक रेणू जोडले जाऊन बनलेली संयुगे) व आतड्यास हितकर असे जिवंत जंतू यांची आहारातील जोड. हितकर जंतूंना प्रजैविके व त्यांचे अन्न ठरणाऱ्या द्रव्यांना पूर्वजैविके म्हणतात. दोहोंच्या जोडीस सहजैविक म्हणण्याची कल्पना ग्लेन गिब्सन व मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. रोगप्रतिकारक्षमतेस साहाय्य हा अशा जोडीचा अपेक्षित उपयोग होय.

तपकिरी शैवलांत लॅमिनॅरिन, अल्जिनेट व फ्युकॉइडन, तांबड्या शैवलांत पॉर्फिरन, तर हिरव्या शैवलांत उल्व्हान या बहुशर्करा आढळतात. यांपैकी फ्युकॉइडन हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ हाराल्ड किलिन यांनी १९१३ मध्ये वेगळे केले.

कार्यपद्धती : बहुशर्करा मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील काही जंतू त्यांचे किण्वन (आंबण्याची क्रिया) करतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही अम्ले निर्माण होतात. ब्युटिरिक अम्ल आतड्याच्या अस्तरातील कोशिकांचे पोषण करते व दाह आवरण्यास मदत करते. शिवाय, लॅमिनॅरिनासारख्या ग्लुकानांना महाभक्षी कोशिकांवरील डेक्टिन-१ हे ग्राही प्रथिन ओळखते.

मात्र प्रत्येक जंतूस प्रत्येक शर्करा पचत नाही. त्यासाठी विशिष्ट एंझाइमे लागतात. पॉर्फिरनाचे विघटन करणाऱ्या एंझाइमांची जनुके सागरी जंतूंकडून जपानी लोकांच्या आतड्यांतील जंतूंत आली असल्याचे २०१० मध्ये दिसून आले. नोरी या शैवलाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सेवनाशी याचा संबंध जोडला जातो. म्हणून जंतू व शर्करा यांची योग्य सांगड घालणे हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

पुरावा व मर्यादा : ओडिशातील सुमारे ४,५०० नवजात अर्भकांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जंतू फ्रुक्टो-ऑलिगोसॅकॅराइडासह सात दिवस देण्यात आला. जंतुदोष वा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. त्यातील शर्करा शैवलजन्य नव्हती. त्यामुळे हे यश शैवलांच्या नावे मांडता येत नाही. शैवलजन्य जोड्यांसंबंधीचा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळालेला आहे.

प्रौढास रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. काही तपकिरी शैवलांच्या एका ग्रॅममध्येच ते याहून अनेक पट असते. अतिसेवनाने अवटू ग्रंथीचे कार्य बिघडू शकते. हिजिकी या शैवलात अकार्बनी आर्सेनिकाचे प्रमाण जास्त असते. प्रतिकारक्षमता अत्यंत क्षीण झालेल्या रुग्णांत जिवंत जंतू क्वचित रक्तात शिरून संसर्ग घडवितात. अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्यांचे सेवन करणे धोक्याचे ठरते.