साठीनंतर आफ्रिकेत शिकवायला जाताना



आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. आधी मुंबईत आणि मग इथे, अशी मिळून ३० वर्षे त्यांनी इंग्रजी शिकवले. आता वय ६८. मुले आपापल्या संसारात आहेत. गेल्या वर्षी त्यांनी मनाशी ठरवले, की पूर्व युगांडात म्बाले गावाजवळच्या एका शाळेत सहा आठवडे विनामूल्य शिकवायला जायचे. मुलगी म्हणाली, "आई, ह्या वयात?" मावशी म्हणाल्या, "अगं, मी रेवदंड्याची. लहानपणी हिवताप दोनदा अंगावर काढला, कडू कोयनेल प्यायले. मला डासांचे काय भय?"

त्यांचा उत्साह मला आवडला, पण डासांविषयीचे त्यांचे म्हणणे मात्र चुकीचे होते. आपल्यापैकी बरेच जण असेच बोलतात, म्हणून ह्या वेळी हा विषय घेतला आहे. स्वतः न जाणाऱ्यांनीही वाचावा, कारण लष्करी सेवा संपवून आफ्रिकेत जाणारी नातवंडे आज पुष्कळ घरांत आहेत.

जुना हिवताप म्हणजे कवच नव्हे

हिवतापाविरुद्ध शरीरात जी थोडीफार ताकद तयार होते, ती सतत डास चावत राहिले तरच टिकते. गाव सोडल्यावर काही वर्षांत ती ओसरते. ४० वर्षे इस्राएलात राहिलेल्या माणसाचे शरीर ह्या बाबतीत नवख्यासारखेच असते. शिवाय आपल्याकडच्या हिवतापात पुष्कळदा थंडी वाजून ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. माणूस हैराण व्हायचा, पण बहुधा वाचायचा. युगांडात मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा हिवताप असतो. तो मेंदू आणि मूत्रपिंडावर जातो आणि वेळेवर उपचार न झाल्यास थोड्या दिवसांत जीवावर बेतू शकतो. वय वाढलेल्या माणसाला त्याचा धोका अधिक.

जुन्या काळच्या क्लोरोक्विनच्या गोळ्या तेथे कामाच्या नाहीत; तेथील जंतू त्यांना दाद देत नाहीत. आज प्रतिबंधासाठी मुख्यतः तीन औषधे देतात. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी जाण्यापूर्वी एक-दोन दिवस सुरू करून रोज जेवणाबरोबर घ्यायची आणि परतल्यावर ७ दिवस चालू ठेवायची. मूत्रपिंड फार कमजोर असल्यास ती चालत नाही. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेत असाल तर तिने त्याचा परिणाम वाढू शकतो, म्हणून आधी रक्त तपासावे लागते. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची आणि परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवायची. तिने ऊन जास्त बाधते आणि पाण्याशिवाय गिळली तर अन्ननलिकेत जळजळ होते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घेतात, पण नैराश्य, फिट्स किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. कोणती घ्यायची हे शेजारीण सांगेल त्यावरून नव्हे, तर तुमच्या रोजच्या गोळ्यांची यादी पाहून डॉक्टरांनी ठरवावे. आणि परतल्यावर "आता घरी आलो" म्हणून गोळी मध्येच सोडू नये.

पीतज्वराची लस: साठीनंतर विचार करून

युगांडात प्रवेश करण्यासाठी पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या लशीचा दाखला लागतो. एक डोस पुरतो. दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो आणि २०१६ सालापासून तो आयुष्यभर चालतो. म्हणून आधी कपाटातले जुने पिवळे पुस्तक शोधा. पूर्वी कधी ही लस घेतली असेल तर सहसा पुन्हा टोचावी लागणार नाही.

पहिल्यांदाच घेणार असाल तर मात्र नीट ऐका. ह्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. बहुतेकांना ती काही त्रास देत नाही. पण फार क्वचित तो विषाणू शरीरात पसरून यकृतासारख्या अवयवांना किंवा मज्जासंस्थेला इजा करतो. साठीनंतर ही शक्यता वाढते, सत्तरीनंतर आणखी. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झालेली आहे, केमोथेरपी चालू आहे, थायमस ग्रंथीचा आजार आहे किंवा ती काढून टाकलेली आहे, त्यांना ही लस देत नाहीत. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल तर तीही डॉक्टरांना आधीच सांगावी.

वैद्यकीय कारणाने लस देता येत नसेल तर डॉक्टर तसे पत्र देऊ शकतात, परंतु ते मान्य करायचे की नाही हे त्या देशाच्या हातात असते. शिवाय पत्राने डास चावायचे थांबत नाहीत. अशा वेळी जागा बदलणे शहाणपणाचे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना ह्या देशांत पीतज्वर नाही. शिकवण्याची हौस तेथेही भागते.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. पुष्कळ जण परदेश दौऱ्याला जोडून भारतात नातेवाइकांना भेटून येतात. पीतज्वराच्या देशातून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल, तर ६ दिवसांपर्यंत अलग ठेवले जाऊ शकते. भारतात हा रोग पसरवणारा डास आहे, पण रोग अजून शिरलेला नाही, म्हणून ही कडक व्यवस्था. लग्नकार्याला निघालेल्या माणसाचे सहा दिवस विमानतळाजवळच्या इस्पितळात जाऊ नयेत!

सहा ते आठ आठवडे आधी

तिकीट काढण्यापूर्वीच कुपत खोलीममधल्या आपल्या डॉक्टरांकडे जा, नंतर प्रवाशांच्या लसीकरण केंद्रात. बरोबर औषधांची पूर्ण यादी न्या. धनुर्वात, टायफॉइड, पोलिओ, इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनियाच्या लशींविषयी विचारा. वर्गात लहान मुले असतात, म्हणून गोवराचाही विषय काढा. कावीळ अ ह्या आजाराची लस घेण्यापूर्वी रक्ततपासणी करता येते. भारतात वाढलेल्या पुष्कळांना तो लहानपणी होऊन गेलेला असतो आणि त्याचे संरक्षण टिकून राहते. पाहा, हिवतापाचे आणि ह्या काविळीचे गणित किती वेगळे!

हृदयविकार, मधुमेह, दमा असेल तर तो आधी ताब्यात आणा. दातही तपासून घ्या. परदेशातील उपचारांचा विमा वेगळा काढावा लागतो. त्यात वय आणि जुने आजार खरेखरे लिहा. लपवले तर ऐन वेळी पैसे मिळत नाहीत. आजारी माणसाला विमानाने परत आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे जरूर पाहा.

बॅगेत आणि तेथे

रोजची औषधे पुरून उरतील इतकी घ्या, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ती हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन मोठ्या सामानात टाकू नका. तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. एक सोय अशी की, युगांडाचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्याबरोबरच चालते आणि हिवाळ्यात एकच तास पुढे असते. त्यामुळे गोळ्यांच्या वेळा फारशा बदलत नाहीत.

हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. साडेसहा-सातला अंधार पडतो, तेव्हा त्याआधीच लांब बाह्यांचे कपडे घाला. डीट असलेले मलम उघड्या त्वचेला लावा. उन्हाचे मलम लावणार असाल तर ते आधी आणि डीट नंतर. झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

पाणी उकळलेले किंवा बाटलीबंद प्या. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट प्या, चमचा चहाचा. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या अशा वेळी थोडे दिवस थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते निघण्यापूर्वीच लिहून घ्या.

व्हिक्टोरिया सरोवर सुंदर आहे, पण त्यात पाय बुडवू नका. गोगलगायींमार्फत पसरणारा बिलहार्झिया नावाचा कृमी त्वचेतून आत शिरतो. कुत्रा किंवा माकड चावले तर जखम १५ मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. आणि बोडा-बोडा म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसू नका. आपल्या वयात मोडलेले खुब्याचे हाड लवकर सांधत नाही.

वर्गात उभे राहून तासन्‌तास शिकवण्याचाही हट्ट नको. खुर्ची मागून घ्या, दुपारी विश्रांती घ्या. पाहुण्या गुरुजींना कोणी नाही म्हणत नाही.

परतल्यावर खरी परीक्षा

हिवतापाची लक्षणे डास चावल्यावर साधारण ७ दिवसांपासून पुढे, कधी कित्येक आठवड्यांनी दिसतात. परतल्यानंतर तीन महिन्यांत ताप आला, तर अकामोल घेऊन झोपू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा इस्पितळात जा आणि पहिले वाक्य हे सांगा: "मी आफ्रिकेहून आलो आहे." हिवतापासाठी रक्त तपासायला लावा. पहिली तपासणी स्वच्छ आली तरी एक-दोन दिवसांत ती पुन्हा करतात. गोळ्या नियमित घेतल्या असतील तरीही हे करावे. पुढे वर्षभरात ताप आला तरी प्रवासाचा उल्लेख विसरू नये.

मावशींनी डॉक्टरांशी दोन वेळा बोलून, धोका समजून घेऊन लस घेतली आणि त्या गेल्या. परतल्यावर बाराव्या दिवशी त्यांना ताप भरला. रात्रीचे दहा वाजले होते. "सकाळी बघू" असे मुलीला म्हणावेसे वाटत होते, पण त्या निघाल्या. रक्त दोनदा तपासले. निघाला साधा फ्ल्यू. दुसऱ्या दिवशी मला फोनवर म्हणाल्या, "उगाच सगळ्यांची झोपमोड केली."

मी म्हटले, "मावशी, हीच झोपमोड माणसाला वाचवते."

आता पुढच्या वर्षी पुन्हा जायचे म्हणतात. मुलगी ह्या वेळी नको म्हणाली नाही. तिने फक्त औषधांची यादी मागितली.