वाटेवरचा निरोप

निमाडच्या भूमीला प्रवाशांचे मृत्यू नवे नाहीत. १६३१ साली मुमताज महल बऱ्हाणपुरास, तर १७४० साली थोरले बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीस निवर्तले. मुमताजचा देह काही महिन्यांनी आग्र्यास नेण्यात आला. पेशव्यांची समाधी मात्र तेथेच आहे.

हल्ली मोटारीने, क्वचित चाकांवरच्या घरातून, सहकुटुंब फिरताना घरचा कुत्राही सोबत असतो. सातपुड्यातील धूलकोटसारख्या गावाजवळ तो दगावला, तर तोच प्रश्न पुढे उभा राहतो : येथेच ठेवावा, की घरी न्यावा?

घर दूर असेल, तर नेण्याचा मोह आवरावा, असे आम्हांस वाटते. निमाडच्या उन्हाळ्यात शव काही तासांतच बिघडू लागते. जमीनमालकाची परवानगी घेऊन, विहीर-ओढ्यापासून दूर, कमरेइतका खोल खड्डा खणावा. प्राणी पिसाळल्याची शंका असेल, तर शवास हात न लावता आधी पशुवैद्यास कळवावे.

मुलांना ‘तो झोपला आहे’ असे सांगू नये. मूठभर माती त्यांनाही घालू द्यावी. गळ्यातला पट्टा घरी आणावा. शक्य असल्यास पुढचा मुक्काम एक दिवस लांबवावा. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. मुक्या सोबत्यासाठी शोक करण्यात लाजण्यासारखे काही नाही.

आपली घराणी परमुलखातच रुजली. माती कोठलीही असो, निरोप मात्र घरच्यासारखा द्यावा.