भूवैज्ञानिक ग्रंथ व नकाशे, दुर्मिळ

भूविज्ञानाच्या आरंभीच्या सर्वेक्षणांतून निर्माण झालेले नकाशे, अहवाल व सचित्र ग्रंथ मिळविणे, त्यांची आवृत्ती व पूर्णता निश्चित करणे आणि त्यांचे जतन करणे यांचा या संग्रहात अंतर्भाव होतो. सामान्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचे साहित्य यात मोडते. अन्य जुन्या ग्रंथांच्या संग्रहाहून याचे वेगळेपण असे की, येथे ग्रंथ व नकाशा ही एकाच निरीक्षणाची दोन अंगे असतात. नकाशावाचून अहवालातील स्थलनिर्देश उमगत नाहीत आणि अहवालावाचून नकाशातील सीमारेषा कोणत्या पुराव्यावर आखली, हे कळत नाही. तथापि ही दोन अंगे एकमेकांपासून तुटलेलीच पुष्कळदा हाती येतात.

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध नकाशा विल्यम स्मिथ (१७६९–१८३९) यांचा होय. कालव्यांच्या कामावर भूमापक असताना प्रत्येक स्तरात विशिष्ट जीवाश्म आढळतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या आधारे त्यांनी इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडचा काही भाग यांचा नकाशा तयार केला. जॉन कॅरी यांनी तो १८१५ मध्ये प्रसिद्ध केला. पाच मैलांस एक इंच या प्रमाणावरील त्याचे १५ भाग जोडले असता सु. २·६ मी. उंच व १·८ मी. रुंद असा पट तयार होतो. रेषा ताम्रपटावरून छापलेल्या असल्या, तरी रंग हाताने भरलेले आहेत. प्रत्येक शैलसमूहाच्या तळाच्या कडेला रंग गडद ठेवून तो पुढे फिका करीत नेल्यामुळे कोणता स्तर कोणावर टेकला आहे, हे पाहताक्षणी समजते. सु. ४०० प्रती निघाल्या. त्यांपैकी काहींवर स्मिथ यांची सही व क्रमांक आहे. काम चालू असताना ते दुरुस्त्या करीत राहिल्याने सर्व प्रती एकसारख्या नाहीत. काही प्रती ग्रंथरूपाने बांधलेल्या, काही कापडावर चिकटवून गुंडाळलेल्या, तर काही प्रवासी पेटीत घालण्यासाठी घड्या केलेल्या असत. भिंतीवर टांगलेल्या प्रतींचे रंग उडाले. उलट लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहात २०१४ मध्ये पुन्हा सापडलेली एक आरंभीची प्रत चामडी वेष्टनात राहिल्याने तिचे रंग टवटवीत होते.

जॉर्ज ग्रीनो यांचा त्याच सोसायटीचा नकाशा १८२० मध्ये निघाला व स्मिथ यांच्या विक्रीला फटका बसला. ते आधीच कर्जबाजारी झाले होते व १८१९ मध्ये त्यांना कर्जदारांच्या तुरुंगात राहावे लागले. ग्रीनो यांच्या नकाशाच्या १८६५ च्या आवृत्तीत स्मिथ यांचे ऋण उघडपणे मान्य केलेले आहे. त्यामुळे दोन्ही नकाशे शेजारी ठेवूनच पाहावेत. केवळ एकाचा संग्रह केल्यास श्रेयाचा हा इतिहास अर्धाच राहतो. स्मिथ यांच्या जीवाश्मविषयक ग्रंथाचे (१८१६–१९) चारच भाग निघू शकले. त्यातील चित्रपत्रांसाठी संबंधित स्तराच्या रंगाशी जुळणारे रंगीत कागद वापरलेले आहेत.

प्रतीची परीक्षा करताना प्रथम चित्रपत्रे व घडीचे नकाशे ग्रंथातील यादीशी ताडून पाहतात. कागद प्रकाशासमोर धरल्यास जलचिन्हात पुष्कळदा साल दिसते. ते प्रसिद्धीच्या सालानंतरचे असल्यास प्रत मागाहून छापलेली असते. आधुनिक प्रतिकृतीत भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, तर हाताने दिलेल्या जलरंगात ते नसतात. मात्र जुन्या रेषांवर अलीकडे रंग भरलेली प्रत ओळखणे अनुभवी जाणकारासही कठीण जाते.

भारतात टॉमस ओल्डॅम १८५१ मध्ये कलकत्त्यास आल्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण नियमितपणे सुरू झाले. सर्वेक्षण विभागाची मेम्वार्स १८५६ पासून, पॅलिऑंटॉलॉजिया इंडिका १८६१ पासून व रेकॉर्ड्स १८६८ पासून निघू लागली. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांच्या भारताच्या भूविज्ञानावरील मॅन्युअलचे पहिले दोन भाग नकाशासह १८७९ मध्ये निघाले. आर्थिक भूविज्ञानावरील बॉल यांचा तिसरा भाग (१८८१) व खनिजांवरील मॅलेट यांचा चौथा भाग (१८८७) यांवाचून हा संच अपुरा राहतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने एच्. जे. कार्टर यांनी संपादित केलेला पश्चिम भारताच्या भूविज्ञानावरील निबंधसंग्रह (मुंबई, १८५७) महत्त्वाचा आहे. विखुरलेले निबंध त्यात एकत्र आले असून नकाशे व चित्रे वेगळ्या चित्रावलीत आहेत. साहजिकच चित्रावलीविना राहिलेला मजकुराचा खंड पुरा मानता येत नाही. रॉबर्ट ब्रूस फूट यांचा दक्षिण मराठा प्रदेशावरील अहवाल (१८७६) मेम्वार्सच्या बाराव्या खंडात आहे.

घडीच्या नकाशांवर संकट येते ते कसर व वाळवी यांपेक्षा विक्रेत्यांकडून. ग्रंथ फोडून रंगीत नकाशे चौकटीत बसविण्यासाठी सुटे विकल्यास एकंदर किंमत जास्त येते. अशा नकाशावरून तो कोणत्या खंडातील व कोणत्या सालचा, हेही पुढे सांगता येत नाही. तांबेयुक्त हिरवा रंग कालांतराने कागद खातो. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरून डाग पाडतो. त्यामुळे फाटलेली घडी पातळ जपानी कागद व खळ यांनी सांधणे इष्ट. दमट हवेत कापडावरील खळ किडीस आमंत्रण देते. भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये वैज्ञानिक मूल्य असलेले व ७५ वर्षांहून कमी जुने नसलेले हस्तलिखित, अभिलेख वा दस्तऐवज पुरावस्तूत मोडतात व खाजगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही. क्षेत्रवह्या व हस्तलिखित नकाशे बाळगणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

यांपैकी अनेक ग्रंथांच्या संगणकीय प्रती आता सहज उपलब्ध आहेत. मजकूर वाचण्यास त्या पुरेशा होत. परंतु प्रतिमा घेताना घडीचे नकाशे पुष्कळदा उलगडलेलेच नसतात आणि त्या पानावर नकाशाची केवळ बंद घडी दिसते.