सावकाश, पण एकवीस किलोमीटर!

ससा आणि कासव यांच्या शर्यतीची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे आणि पुढे आपापल्या मुलांना रंगवून सांगितलीही आहे. परंतु त्या गोष्टीत कासवाच्या सोयीची एक मेख मारून ठेवलेली आहे. ससा वाटेत झोपी जातो! खऱ्या शर्यतीतले ससे झोपत नाहीत. २०२३ साली शिकागोच्या मॅरेथॉनमध्ये केनियाचा केल्विन किप्टम ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर २ तास ३५ सेकंदांत धावून गेला. २१ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मी मुंबईत त्याच्या बरोबर निम्मे अंतर धावले. मला त्यासाठी ३ तास ६ मिनिटे लागली.

मग असल्या कासवाने धावायचे तरी कशासाठी? हा प्रश्न मला शेजारणींनी विचारला, नातेवाइकांनी विचारला आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज सकाळी बसणाऱ्या एका आजोबांनी तर, “अहो बाई, मागे कुणी लागले आहे का?” अशा शब्दांत विचारला. त्या सर्वांना एकदमच उत्तर द्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडे शर्यतीविषयी. मॅरेथॉन ही काही अनादिकालापासून चालत आलेली शर्यत नव्हे. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिकचा पहिला मेळा भरला, तेव्हा जुन्या ग्रीक आख्यायिकेचा धागा पकडून ती प्रथम घेण्यात आली. अंतर होते सुमारे ४० किलोमीटर, आणि ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरले आणि १९२१ मध्ये तेच कायम करण्यात आले. आमची शर्यत तिच्या अर्ध्याची, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर.

या शर्यतीशी आपल्या बाजूचाही जुना ऋणानुबंध आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली तरुण मुले सर दोराबजी टाटा यांनी पाहिली आणि हे धावपटू ऑलिंपिकला गेले पाहिजेत असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातूनच १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले बेल्जियममधील अँटवर्पला मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षाही जास्त, ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटांत पार केले आणि त्यांचा क्रमांक आला एकोणिसावा. आपल्या घरांतून पहिल्या तीन नंबरांपलीकडे मोजायची पद्धत नाही. नाही तर हा एकोणिसावा क्रमांक शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असता.

अर्थात चौगुले यांच्यासारखी माणसे हाडाची धावपटू होती. साध्या माणसाने मोठेपणी धावायचे ते फक्त लोकल गाठण्यासाठी, अशीच जगभर समजूत होती. ती बदलली ती न्यूझीलंडमध्ये. तेथील आर्थर लिडियार्ड हे नामांकित शिक्षक. त्यांच्या पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग या दोन शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली. पण लिडियार्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. पोट सुटलेल्या, पन्नाशी-साठी गाठलेल्या गृहस्थांनाही त्यांनी ऑकलंडच्या रस्त्यांवर हळूहळू पळायला शिकविले. १९६२ च्या अखेरीस बिल बॉवरमन हे अमेरिकन शिक्षक त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले असता त्यांनाही या मंडळींबरोबर धाडण्यात आले. सत्तरी उलटलेल्या आणि हृदयविकाराचे झटके सोसलेल्या एका वृद्धाबरोबर धावताना बॉवरमन यांची दमछाक झाली! मायदेशी परतून त्यांनी एका डॉक्टरांच्या साहाय्याने १९६७ साली या संथ पळण्यावर पुस्तकच लिहिले. तेव्हापासून ‘जॉगिंग’ हा शब्द घरोघर गेला.

या पद्धतीचे मुख्य सूत्र अगदी सोपे आहे. पळता पळता शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य पुरे करताना धाप लागली की वेग जास्त झाला असे समजावे. माझ्यासारख्या गप्पिष्ट बाईला याहून सोयीचे शास्त्र कोणते?

माझी सुरुवात मात्र गप्पांनी नव्हे, रक्ताच्या तपासणीने झाली. साखर सीमेवर येऊन उभी होती. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून घेतली आणि मग धावायला परवानगी दिली. चाळिशीनंतर ज्यांना हा नाद करावयाचा असेल, त्यांनी ही पायरी चुकवू नये. जूनमध्ये मी चालू लागले. पावसाळा सरता सरता चार मिनिटे पळायचे आणि एक मिनिट चालायचे, असा क्रम बसला. पळण्यात ठरवून चालणे मिसळण्याची ही रीत जेफ गॅलोवे या १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या अमेरिकन खेळाडूने लोकप्रिय केली. ऑलिंपिकमध्ये धावलेला माणूस मध्ये मध्ये चाला म्हणून सांगतो, तर आपण लाजायचे काय कारण?

शिवाजी पार्कचा कट्टा सुमारे १ किलोमीटर १७० मीटरचा आहे. म्हणजे अठरा फेऱ्या घातल्या की अर्धी मॅरेथॉन होते. रविवारी एक-दोन फेऱ्या वाढवायच्या, मधल्या दिवसांत थोडे पळायचे, दोन दिवस पायांना सुट्टी द्यायची. डिसेंबरअखेर मी पंधरा फेऱ्यांपर्यंत पोहोचले होते. उरलेल्या तीन फेऱ्या शर्यतीच्या दिवसासाठी राखून ठेवल्या.

या काळात मला एक गोष्ट उमगली. हळू धावणाऱ्याची शर्यत ही वेगवान माणसाच्या शर्यतीची फिकी नक्कल नसते. ती निराळीच शर्यत असते. हिशेबच पाहा. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोग्रॅम वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते, मग तुम्ही जलद धावा की हळू. माझे वजन ६४ किलो. एकवीस किलोमीटरचा खर्च झाला साडेतेराशे कॅलरींच्या आसपास. अव्वल धावपटू आणि मी, किलोमागे सारखाच दाम मोजतो! फरक आहे तो वेळेचा. तो तासाभरात मोकळा होतो, मी तीन तास रस्त्यावर असते. त्याची पावले पडतात अकरा-बारा हजार. माझी मिनिटाला एकशेसाठ धरली तरी तीस हजारांच्या घरात जातात. आणि धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार एका पायावर येतो. तेव्हा हळू धावणाऱ्याचा दम सहसा संपत नाही; संपतात ते तळवे, गुडघे आणि मांड्या. घामाने भिजलेला कपडा तीन तास घासला की काखेत अन् मांड्यांवर कातडी सोलवटते. यावर व्हॅसलीनची डबी हाच उपाय. बूट मळलेले, पायाला सवय झालेले हवेत. नवा बूट, नवा मोजा, नवा खाऊ, यांतले काहीही त्या दिवशी वापरावयाचे नाही.

पाण्याचेही तसेच. पुष्कळ पाणी प्या, असे जो तो सांगतो. पण २००२ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण धोक्याच्या रेषेखाली गेलेले आढळले. असा त्रास झालेल्यांत वाटेत भरपूर पाणी पिऊन वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ धावलेले पुष्कळ होते. म्हणजे हा धोका जास्त करून आपल्यासारख्या कासवांनाच. तहान लागेल तेवढे घोट, आणि घाम फार आला तर बरोबर मीठ-साखर, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे मागून येणारी मोटार. पहिल्या नंबरासाठी धावणाऱ्याचे लक्ष पुढे असते, आमचे मागे. रस्ते ठरावीक वेळेपर्यंतच वाहनांना बंद असतात. त्या मुदतीनंतर मागे राहिलेल्यांना गाडीत घेतात आणि रस्ता मोकळा करतात. मला हरण्याची भीती नव्हती, कारण जिंकणे कधी ठरलेलेच नव्हते. भीती होती ती त्या गाडीत बसून परत येण्याची.

मुंबईची ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. २०२४ ची अर्धी शर्यत पहाटे पाच वाजता माहीमच्या रेतीबंदरापासून निघाली. पुढची मंडळी केव्हाच निघून गेली. आम्ही शेवटच्या घोळक्यातले लोक मुंगीच्या पावलांनी आरंभरेषेपर्यंत सरकलो. पण छातीवरच्या क्रमांकाला चिकटविलेली बारीकशी पट्टी ज्याचा त्याचा वेळ रेषा ओलांडल्यापासूनच मोजते. त्यामुळे मागे उभे राहिल्याचे नुकसान नाही.

थोड्याच वेळात वांद्रे-वरळी सागरी सेतू लागला. २००९ साली खुला झालेला हा पूल साडेपाच किलोमीटरहून लांब आहे आणि एरवी त्यावर पायी जाणाऱ्याला मज्जाव. त्या पहाटे तो आमचा होता. अंधार, खाली समुद्र, वर पिवळे दिवे आणि आजूबाजूला हजारो बुटांची एकच थपथप. माझ्या शेजारी डोंबिवलीहून आलेले अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक धावत होते. “ताई, घाई करू नका. पेपर मोठा आहे, सोपे प्रश्न आधी सोडवा!” असे म्हणून ते आपल्या चालीने चालू लागले. वरळीपर्यंत आम्ही नातवंडे, मधुमेह आणि उकडीचे मोदक अशा तीन विषयांचा फडशा पाडला. लिडियार्ड साहेबांना समाधान वाटले असते.

हाजीअलीच्या आसपास उजाडले आणि पुढे उभा राहिला पेडर रोडचा चढ. मोटारीतून जाताना तो चढ आहे हे जाणवतही नाही. चौदा किलोमीटर धावलेल्या मांड्यांना मात्र तो गडाच्या पायऱ्यांसारखा वाटतो. घड्याळ पाहिले. हाताशी वेळ होता, पण उधळायला नव्हता. मी पळणे थांबवून लहान पावले टाकीत चढ चालून काढला. दुतर्फा इमारतींतली माणसे खाली उतरली होती. कुणी संत्र्याच्या फोडी पुढे करीत होते, कुणी चिक्की, कुणी मीठ. याच रस्त्यावर लतादीदींचे ‘प्रभुकुंज’. तेथून जाताना आपोआप पाठ ताठ झाली. घरच्या गाऊनवर शाल घेतलेल्या एका आजी टाळ्या वाजवीत म्हणाल्या, “चल गं बाई, आता उतारच आहे!” एवढ्या आपुलकीने मला कोणत्या परीक्षेत कुणी धीर दिल्याचे आठवत नाही.

उतार होता हे खरे, पण उतारावर गुडघे बोलू लागले. चौपाटीनंतर मरीन ड्राइव्हवर ऊन अंगावर आले. सतरावा, अठरावा, एकोणिसावा किलोमीटर! तेथे गप्पा संपल्या. चार मिनिटांचे पळणे दोन मिनिटांवर आले. मागे वळून पाहावेसे वाटत होते, पण पाहिले नाही. एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, एवढेच गणित उरले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट दिसला तेव्हा पायांनी आपण होऊन वेग घेतला. अंतिम रेषा ओलांडली, गळ्यात पदक पडले आणि मी रस्त्याच्या कडेला बसून मनसोक्त रडले. डोंबिवलीचे मास्तर सहा मिनिटांनी आले आणि त्यांनी माझ्या हातावर शेवटची चिक्की ठेवली.

घरी आल्यावर सासूबाईंनी पदक हातात घेऊन पाहिले आणि विचारले, “कितवा नंबर?” मी म्हटले, “माझ्यापुढे हजारो होते.” त्या क्षणभर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “आणि तरी तू थांबली नाहीस?”

मला वाटते, कट्ट्यावरच्या आजोबांनाही हेच उत्तर आहे. आपण मुलांना नंबरासाठी धावायला शिकवितो. ज्याला नंबर मिळणार नाही हे कळते, तो मग मैदानच सोडतो, आणि गाणे, चित्र, पोहणे, एकेक करीत सोडतच राहतो. पन्नाशीला पोहोचेपर्यंत आपल्यापाशी फक्त जमणाऱ्या गोष्टी उरतात. जे चांगले जमत नाही ते चारचौघांत, नेटाने, शेवटपर्यंत करून पाहणे ही चैन मोठेपणी कुणी करीत नाही. लांब पल्ल्याची शर्यत ती करू देते. तेथे मागच्या घोळक्यातही जागा असते, आणि ती अडवून कुणी बसलेले नसते.

साखर पूर्ववत झाली का, असे काही जण विचारतात. थोडी उतरली आहे. डॉक्टर समाधानी आहेत आणि मीही. दिवाळी झाली की पहाटे हवेत गारवा येईल. फराळाचा डबा रिकामा झाल्यावर एखाद्या सकाळी बूट घालून बाहेर पडा. पळू नका, आधी नुसते चाला. बरोबर बोलायला एक माणूस मात्र घ्या.