मूल गाव सोडते, तेव्हा त्याच्या हक्काचे काय?



आजचा विषय कायद्याचा आहे, तरी तो आपल्या वेशीपासून दूर नाही. पोटासाठी कुटुंब परमुलखात गेले, म्हणजे त्यातील लहान मुलाला सरकारकडून जे मिळावयाचे त्याचे काय होते, एवढाच प्रश्न आम्ही हाती घेतला आहे. फाल्गुनात नाथषष्ठीला दिंड्या पैठणात येतात, तेव्हा आपल्या शेजारच्या गेवराई, शेवगाव, पाथर्डी भागातील कित्येक कुटुंबे अजून उसाच्या फडातच असतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, तर कोणी राज्याची हद्द ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ लिहिला जातो. बरोबरच्या मुलाला त्या वहीत जागा नसते.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. मुलासाठी मिळणारी मदत दोनपैकी एका खुंटीला टांगलेली असते. एक खुंटी राहत्या जागेची, दुसरी आईबापांच्या श्रमाची. कुटुंब हलले की यांतील कोणती खुंटी, यावर सारे अवलंबून.

श्रमाच्या खुंटीचे उदाहरण युरोपात सापडते. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या एका इटालियन कामगाराची मुले काही काळ इटलीत राहिली, म्हणून त्या काळाचा कुटुंबभत्ता त्याला नाकारण्यात आला. मुले दुसऱ्या देशात असतील तर फ्रान्सने आपल्या दराने भत्ता देऊ नये, अशी तरतूदच तेव्हा होती. युरोपीय न्यायालयाने १५ जानेवारी १९८६ रोजी ती रद्द ठरविली. पुढे २०१९ मध्ये ऑस्ट्रियाने, मूल ज्या देशात राहते तेथील महागाईच्या मानाने भत्ता कमी-जास्त करण्यास प्रारंभ केला. १६ जून २०२२ रोजी न्यायालयाने तेही बेकायदा ठरविले. परका कामगार कर आणि वर्गणी देशी कामगाराइतकीच भरतो, मग त्याच्या मुलाला कमी का, हा त्यातला साधा न्याय आहे.

उलट ब्रिटनमध्ये खुंटी मुख्यतः जागेची. तेथे १९४६ पासून कुटुंबभत्ता आणि १९७७ पासून ‘चाइल्ड बेनिफिट’ मिळू लागले. परंतु मूल बराच काळ देशाबाहेर राहिले की सर्वसाधारणपणे ते थांबते. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या मराठी तरुणाच्या परवान्यावर बहुधा ‘सरकारी मदत नाही’ असा शेरा असतो. तो तेथे कर भरतो, पण मुलाचा भत्ता मागू शकत नाही.

आता आपल्याकडे वळू. सर्व मुलांना दरमहा रोख भत्ता अशी पद्धत आपल्या देशात नाही. जे आहे ते धान्य, अंगणवाडीचा आहार, शाळा आणि काही योजना या रूपाने आहे. यांतील प्रत्येकाची खुंटी निराळी.

शिधापत्रिका आता बरोबर चालते. महाराष्ट्र-गुजरात यांच्यात ऑगस्ट २०१९ मध्ये ही सोय सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सारा देश तिच्यात आला. प्राधान्य कुटुंबात माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि कार्डावर नाव असलेले मूलही त्यात माणूस म्हणूनच मोजले जाते. सहा महिन्यांच्या हंगामात दोन मुलांचे साठ किलो धान्य होते. ते कर्नाटकातील दुकानावर अंगठा देऊन उचलता येते. काही तेथे उचलावे, उरलेले गावी राहिलेल्या म्हातारा-म्हातारीने घ्यावे, असेही चालते. मात्र मुलाचे नाव कार्डावर चढविलेलेच नसेल, तर हे साठ किलो ना गावी मिळतात ना फडावर.

अंगणवाडीचा आहार हा अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याने दिलेला हक्क आहे. पण तो स्थानिक अंगणवाडीतून मिळतो. म्हणून निघण्यापूर्वी सेविकेकडून पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घ्यावी. शाळेच्या बाबतीत शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट आहे. राज्यात वा राज्याबाहेर जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारावयाचा नाही.

‘लेक लाडकी’ योजना मात्र जागेच्या खुंटीला आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या वा केशरी कार्डाच्या घरातील मुलीला जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळावयाचे. अट अशी, की कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी असावे आणि बँकेचे खाते राज्यात असावे. फडावर जाऊन परत येणाऱ्याचे घर गावीच असते; पण बिऱ्हाड आणि कार्ड कायमचे परराज्यात हलविणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

२०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि वसतिगृह शाळेच्या वयाच्या मुलाला सांभाळील. अंगावर पिणारे मूल आईबरोबर जाणारच.

तेव्हा आमची मागणी अशी, की मुलाचा हक्क जागेला नको आणि मुकादमाच्या वहीलाही नको. तो मुलाच्या स्वतःच्या नावाला बांधलेला असावा. धान्याच्या बाबतीत हे जमले, मग आहाराच्या आणि शाळेच्या बाबतीत न जमण्यासारखे काय आहे? तोवर या सभेतील शिक्षक, सेविका आणि रेशन दुकानदार यांना आमचे एकच सांगणे आहे. दसऱ्यानंतर टोळ्यांचे ट्रक भरू लागतील, त्याआधी आपल्या आळीतील प्रत्येक मुलाचे नाव कार्डावर, नोंद अंगणवाडीत आणि दाखला आईच्या पिशवीत आहे ना, हे पाहून घ्या. या कामाला नवा कायदा लागत नाही.